एका गोगलगाईची एकशे तेरा बारशी

आपल्याकडे मूल जन्मले की बाराव्या दिवशी बारसे होते. आत्या पाळण्यावर वाकून कानात नाव सांगते, भोवतालच्या बायका तिच्या पाठीत कौतुकाचे धपाटे घालतात आणि नाव पक्के होते. पुढे आजी त्याला लाडाने काही वेगळेच म्हणते, शाळेत आडनावाने हाक पडते, आणि मुलगी असली तर पूर्वी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले जाई. इतके सगळे धरले तरी एका माणसाची नावे चार-पाचांपलीकडे जात नाहीत. परंतु समुद्रकाठच्या खडकांवर राहणारी एक गोगलगाय अशी आहे, की विद्वानांनी तिची ११३ बारशी केली. प्रत्येक वेळी करणाऱ्याची प्रामाणिक समजूत अशी, की हे बाळ नवेच आहे.

ही गोष्ट उघडकीस आली ती एका साफसफाईत. दिवाळीच्या आधी आपण घरातला माळा झाडतो, आणि एकच वस्तू तीन-तीनदा विकत आणल्याचे तेव्हा ध्यानात येते. तशीच झाडलोट जगभरच्या तज्ज्ञांनी सागरी जीवांच्या नावांची केली. निरनिराळ्या ग्रंथांतून विखुरलेली सुमारे ४,१९,००० नावे त्यांनी तपासली, आणि २०१५ साली जाहीर केले की, त्यांपैकी सुमारे १,९०,००० नावे पुनरुक्त आहेत. म्हणजे आधीच नाव मिळालेल्या प्राण्याला दुसऱ्याने पुन्हा दिलेली. या पुनरुक्तीत पहिला क्रमांक आपल्या गोगलगाईचा लागला. तिचे मान्य शास्त्रीय नाव लिटोरिना सॅक्सॅटिलिस. लिटोरिना म्हणजे किनाऱ्यावरची, आणि सॅक्सॅटिलिस म्हणजे खडकांत राहणारी.

हा केवळ विनोद म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नाही. शहाणी माणसे एकाच जीवाला शंभर जीव कसे समजली, याचा इतिहास पाहू लागले की माणसाच्या पाहण्याच्या रीतीबद्दलच बरेच काही कळते. प्राण्यांच्या अशा एकेका प्रकाराला आपण मराठीत 'जात' म्हणतो. तो शब्द वाचकांनी मनाशी ठेवावा. शेवटी त्याच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

प्रथम या बाईची ओळख करून घेऊ. नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँड, ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, आणि अटलांटिकच्या पलीकडे कॅनडा व अमेरिकेचा ईशान्य किनारा, असा तिचा विस्तार आहे. आपल्या कोकणच्या खडपांवर आणि खाडीतल्या खारफुटीच्या खोडांवर हिच्या कुळातल्या गोगलगाई आढळतात, परंतु ही नव्हे. ही थंड समुद्राची. मोठ्यात मोठी घेतली तरी सुपारीच्या निम्म्याएवढी. काही ठिकाणी तर पूर्ण वाढलेली मादीही मुगाच्या दाण्याएवढीच भरते.

ती राहते त्या जागेचे वर्णन धड समुद्र असेही करता येत नाही, धड जमीन असेही करता येत नाही. भरतीचे पाणी जेथवर पोचते त्या वरच्या पट्ट्यात, फटीत आणि खळग्यांत तिचा संसार. भरतीला अंगावरून पाणी जाते, ओहोटीला ऊन आणि वारा. पाणी असो वा नसो, ती श्वास घेऊ शकते; शंखाच्या आतल्या पोकळीत ओल धरून ठेवावी आणि हवेतला प्राणवायू त्या ओलीतून घ्यावा, अशी सोय तिच्यापाशी आहे. फारच कोरडे पडले की अंग आत ओढून घेते, पायाशी असलेले शिंगासारख्या द्रव्याचे पातळ झाकण लावते, शंखाची कड चिकट द्रवाने खडकाला डकवते आणि पुन्हा ओल येण्याची वाट पाहत बसते. ओल आली की बाहेर निघून, किसणीसारख्या दातेरी जिभेने खडकावरचे सूक्ष्म शेवाळ खरवडू लागते.

या गोगलगाईचे पहिले बारसे झाले ते व्हेनिसमध्ये. समुद्राने वेढलेल्या त्या नगरीच्या खाजणाच्या दक्षिण टोकाला चिओज्जा नावाचे गाव आहे. तेथे १७६९ साली जन्मलेल्या जुझेप्पे ओलिवी या तरुणाने एड्रिअ‍ॅटिक समुद्रातल्या प्राण्यांवर एक ग्रंथ लिहिला. तो १७९२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात या गोगलगाईला सॅक्सॅटिलिस हे नाव मिळाले. ओलिवीचे वय तेव्हा तेवीस वर्षांच्या आसपास होते. पुढे तीनच वर्षांनी, १७९५ साली, तो वारला. गंमत अशी, की ही गोगलगाय खरी अटलांटिकची. भूमध्य समुद्राच्या एवढ्या आत, व्हेनिसच्या खाजणात, तिची एक वसाहत मूळ मुलखापासून दूर एकटी पडली आहे. म्हणजे तिला पहिले नाव मिळाले ते माहेरी नव्हे, परगावी.

दुसरीकडे इंग्लंडमध्ये विल्यम मॅटन नावाचा तरुण देशाच्या पश्चिम भागात प्रवास करीत होता. तेथले देखावे, जुने अवशेष आणि निसर्ग यांचे वर्णन त्याने १७९७ साली छापले. त्यात किनाऱ्यावरच्या एका खरखरीत शंखाला त्याने रूडिस, म्हणजे ओबडधोबड, असे नाव दिले. व्हेनिसच्या तरुणाने पाच वर्षांपूर्वी जिचे बारसे केले होते, तीच ही. ब्रिटिश पुस्तकांतून पुढे बरीच वर्षे रूडिस हेच नाव चालले.

त्यानंतर आला कर्नल जॉर्ज माँटेग्यू. हा सैन्यातून बाहेर पडून डेव्हनमध्ये स्थायिक झालेला गृहस्थ पक्ष्यांचा आणि शंखांचा मोठा जाणकार होता. हिवाळ्यात आपल्या दख्खनच्या माळरानांवर जो माँटेग्यूचा भोवत्या हा पाहुणा पक्षी येतो, त्याला याचेच नाव आहे. या कर्नलने १८०३ साली ब्रिटनच्या शंखांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्या गोगलगाईला आणखी दोन नावे दिली. काळसर दिसली तिला टेनेब्रोसा, म्हणजे अंधारी; अंगावर कंगोरे असलेली दिसली तिला जुगोसा. हाच माणूस पक्ष्यांच्या बाबतीत अगदी उलट काम करीत होता. एका शिकारी पक्ष्याचा करडा नर आणि तपकिरी मादी यांना लोक दोन जातींचे पक्षी समजत. ते नवरा-बायको आहेत, हे माँटेग्यूने दाखवून दिले. पक्षी आकाशात जोडीने फिरताना दिसतात, घरट्यात बसताना दिसतात. शंख मात्र हाती येतो तो रिकामा. एकाच माणसाचे डोळे एका ठिकाणी फसले नाहीत आणि दुसऱ्या ठिकाणी फसले, त्याचे कारण बहुधा यातच आहे.

मग बारशांची रांगच लागली. जर्मन पंडित मेंके याने १८३० साली तिला ग्रीनलँडची म्हणून ग्रोएनलँडिका केले. यॉर्कशरच्या विल्यम बीनने १८४४ साली, खडकाला चिकटलेल्या बार्नॅकल नावाच्या जीवांच्या रिकाम्या घरांत राहणाऱ्या अगदी चिमुकल्या गोगलगाई पाहिल्या आणि त्यांना नेग्लेक्टा, म्हणजे उपेक्षित, असे नाव दिले. पुढे ठरले की ही उपेक्षितादेखील त्याच घरातली. जागा लहान म्हणून अंगाने लहान राहिलेली.

असे का झाले? एक कारण साधे आहे. आपापल्या किनाऱ्यावर बसून काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या देशातले पुस्तक हाती येण्यास वर्षे लागत. दुसरे कारण त्या काळच्या छंदात आहे. शंख जमविणे हा युरोपातल्या सुखवस्तू घरांतला शौक होता. खणांच्या कपाटात कापसावर मांडून ठेवायचा तो शंख. आतला जीव कुजतो आणि वास मारतो, म्हणून तो काढून टाकायचा. ज्ञान मिळवायचे ते कवचावरून, आणि हिचे कवच तर पक्के बहुरूपी. गुळगुळीत, कंगोऱ्यांचे, पांढरे, काळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, उंच, बसके. ज्याने जो पाहिला त्याने त्याला नाव दिले.

या गोंधळाला आळा घालण्याचा यत्न १८४२ साली ह्यू स्ट्रिकलंड यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये झाला. नामकरणाचे नियम ठरविणारी समिती नेमली गेली. तिच्या सभासदांत चार्ल्स डार्विनही होता. नियमांचा गाभा असा, की रीतसर दिलेले पहिले नाव खरे, नंतरची नावे त्याच्यात विलीन. पुढे सर्व जगाने हेच तत्त्व मानले, आणि म्हणून तरुणपणीच गेलेल्या ओलिवीचे नाव टिकले. परंतु हा नियम दोन नावांतला वाद मिटवितो. ती दोन नावे एकाच जीवाची आहेत की नाहीत, हे कोण सांगणार? त्यासाठी कपाट सोडून खडकावर जावे लागते.

खडकावर गेलेल्यांना दिसले ते असे. ज्या किनाऱ्यावर दगडगोटे असतात, लाटांचा मारा कमी असतो, तेथे खेकडे फार. खेकड्याच्या नांग्यांपुढे पातळ शंखाचा चुरा होतो. म्हणून तेथल्या गोगलगाई मोठ्या, जाड कवचाच्या आणि अरुंद तोंडाच्या. स्वभावानेही भित्र्या, जरा धक्का लागला की आत शिरून बराच वेळ बाहेर न येणाऱ्या. उलट उघड्या कड्यांवर लाटा आदळतात. तेथे खेकड्याचे भय नाही, वाहून जाण्याचे आहे. तेथल्या गोगलगाई लहान, फटीत मावणाऱ्या, पातळ कवचाच्या, आणि घट्ट धरून राहण्यासाठी मोठा पाय बाहेर काढता यावा म्हणून रुंद तोंडाच्या. स्वभावाने धीट. कपाटात हे दोन शंख शेजारी ठेवले तर कोणीही त्यांना दोन जाती म्हणेल. पण गोट्यांचा किनारा जेथे संपतो आणि कडा सुरू होतो, तेथे दोहोंचे संसार होतात, पिले होतात, आणि मधल्या पट्टीत मधल्या रूपाच्या गोगलगाई सुखाने नांदतात. अशा जोड्या स्वीडनमध्ये आहेत, ब्रिटनमध्ये आहेत, स्पेनमध्येही आहेत. आणि त्या बऱ्याच अंशी त्या-त्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडल्या आहेत.

एवढे वैविध्य हिच्यातच का, याचे उत्तर तिच्या बाळंतपणात आहे. समुद्रातल्या पुष्कळ गोगलगाईंची अंडी-पिले पाण्यावर तरंगत दूर जातात आणि सगळ्या किनाऱ्यांची सरमिसळ होते. ही मात्र अंडी घालत नाही. तिच्या अंगात एक पिशवी असते. तिच्यात शेकडो गर्भ वाढतात, आणि रव्याच्या कणाएवढी, पण अंगावर शंख असलेली पुरी पिले आईशेजारीच खडकावर उतरतात. लेक माहेरच्या अंगणातच राहते. त्यामुळे प्रत्येक खडकाची वळणे निराळी होत जातात.

यावरून कोणास वाटेल की अशी घरकोंबडी जात फार पसरणार नाही. प्रत्यक्षात उलट घडले आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस, अटलांटिकमध्ये तीनशे किलोमीटरहून दूर रॉकऑल नावाचा एक सुळका समुद्रातून वर आला आहे. वीस मीटरही उंच नाही. पाण्यावर पिले सोडणारी हिची मोठी चुलत बहीण लिटोरिना लिटोरिआ तेथे नाही, आणि ही मात्र आहे. स्वीडनच्या केर्स्टिन योहानेसॉन यांनी १९८८ साली या कोड्याचा उलगडा मांडला. पाण्यावर सोडलेली पिले एवढ्याशा सुळक्यापाशी पुन्हा परत येणे कठीण. परंतु पोटुशी असलेली एकच मादी कशावर तरी चिकटून तेथे पोचली, तर तिच्या पिशवीत अख्खे गाव असते.

आता या इतिहासातले खरे आश्चर्य. एका जीवाला शेकडा नावे देणारे हेच डोळे त्याच खडकावर एका निराळ्याच जीवाला ओळखू शकले नव्हते. १९७० नंतर ब्रिटनमधले संशोधक शंख बाजूला ठेवून आतला प्राणी पाहू लागले. जोसेफ हेलर यांनी १९७५ साली या समूहाची फेरतपासणी केली, तेव्हा पिले देणाऱ्यांच्या सोबतीने अंडी घालणाऱ्याही आहेत याकडे लक्ष वेधले गेले. मग १९७८ साली हॅनाफोर्ड एलिस यांनी एक नवीच जात वर्णिली. तिचा शंख सॅक्सॅटिलिससारखाच. बाहेरून पाहून खात्रीने वेगळी काढता येत नाही. परंतु तिच्या मादीच्या अंगात पिलांची पिशवी नाही. ती चिकट पुंजक्यांत अंडी घालते. तिला नाव दिले आर्केना, म्हणजे गुपित. जेथे भेद नव्हता तेथे दीडशे-पावणेदोनशे वर्षे तो दिसत राहिला, आणि जेथे होता तेथे कोणास दिसला नाही. दोन्ही चुकांचे मूळ एकच: पाहिले ते कवच. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातले डेव्हिड रीड यांनी १९९६ साली या साऱ्या कुळाचा एक जाडजूड ग्रंथ लिहून नावांचा पसारा आवरला. पुढची यादी बव्हंशी त्या परिश्रमावर उभी आहे.

कवच किती लवकर बदलते याचा पुरावा तर आपल्याच काळात मिळाला. १९८८ साली स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याला विषारी सूक्ष्म शैवालाची प्रचंड वाढ झाली आणि कोस्टर बेटांभोवतीच्या लहान खडकांवरच्या गोगलगाई मेल्या. योहानेसॉन यांनी १९९२ साली अशा एका निर्जन झालेल्या, लाटांच्या खडकावर खेकड्यांच्या किनाऱ्यावरच्या ७०० गोगलगाई नेऊन सोडल्या. जाड कवचाच्या, भित्र्या. मग वर्षानुवर्षे नमुने घेतले. नातवंडे-पतवंडे लहान होत गेली, कवच पातळ झाले, तोंड रुंदावले. तीस वर्षांत ती लाटांच्या खडकावरच्या गोगलगाईंसारखी दिसू लागली. हा वृत्तान्त २०२४ साली प्रसिद्ध झाला. हा बदल शून्यातून झाला नव्हता. त्या गुणांची बीजे मूळच्या सातशेंत थोडीफार दडलेली होती, आणि काही शेजारच्या खडकांवरून आली. माँटेग्यूसारख्या एखाद्याने १९९२ साली तेथे एक नाव दिले असते, आणि २०२४ साली त्याच वंशाला दुसरे.

त्याच २०२४ साली दुसरेही एक संशोधन पुढे आले. अंडी घालणे सोडून पिले देणे हा केवढा मोठा बदल! तो या कुळात गेल्या सुमारे एक लाख वर्षांतच घडला, आणि त्याच्याशी निगडित असे आनुवंशिक द्रव्याचे सुमारे ५० तुकडे सापडले आहेत. बाकीच्या बहुतेक द्रव्यावरून पाहिले तर अंडी घालणाऱ्या आणि पिले देणाऱ्या अशी सरळ वाटणी होत नाही. म्हणजे खरा भेद आहे, पण तोही आपण समजतो तसा भिंतीसारखा नाही.

येथे तो 'जात' शब्द पुन्हा घ्यावा लागतो. आपल्या भाषेने गोगलगाईच्या प्रकाराला आणि माणसांच्या गटाला एकच शब्द दिला आहे. युरोपात शंख मोजले जात होते त्याच शतकात आपल्या देशात माणसांची नाके मोजली जात होती. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ साली बंगालच्या जातिजमातींवर खंड प्रसिद्ध केले. नाक जितके रुंद तितकी जात समाजात खालची, असा त्याचा सिद्धान्त होता. हाच गृहस्थ पुढे १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख झाला. मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तीच मोजमापे पुन्हा तपासली आणि हा नियम उत्तर हिंदुस्थानाबाहेर बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही असे दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात या मोजमापांचाच आधार घेऊन म्हटले की, हे शास्त्र खरे मानायचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. गोगलगाईच्या शंखाला निदान खेकड्यांनी आणि लाटांनी आकार दिला होता. माणसांच्या बाबतीत तर उच्चनीचता आधी ठरली होती, आणि पट्टी नंतर हाती घेतली गेली. गोगलगाईचे चुकीचे नाव तिला टोचत नाही. माणसावर लावलेल्या नावाने पाणवठे बंद होतात, शाळा बंद होतात. म्हणून नाव देणाऱ्याने आत काय आहे हे आधी पाहावे, ही शिकवण गोगलगाईपेक्षा आपल्यालाच अधिक लागू आहे.

त्या ११३ नावांपैकी ११२ आता व्यवहारातून गेली आहेत. परंतु ती खोडून टाकलेली नाहीत. नोंदवहीत ती सारी जागच्या जागी आहेत, आणि प्रत्येकापुढे ओलिवीने दिलेले नाव पाहावे अशी सूचना आहे. ही पद्धत चांगली आहे. कोण कोठे चुकला हेही पुढच्यांना कळावे. आणि व्हेनिसच्या खाजणात, जेथे १७९२ मध्ये पहिले बारसे झाले, तेथे आजही भरती ओसरली की ती गोगलगाय झाकण लावते आणि पाणी परत येईपर्यंत स्वस्थ बसते.